गढूळ पाण्यातली लांब तोंडे

१९४८ साली एस. बी. सेटना आणि पी. एन. सारंगधर या दोन मत्स्यशास्त्रज्ञांनी मुंबईच्या समुद्रात सापडणाऱ्या, मुशी-पाकटांच्या गोतातल्या तीन जातींच्या गर्भवाढीवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. तिघांतला एक होता करवतमासा, तेव्हाच्या शास्त्रीय नावाने प्रिस्टिस कस्पिडेटस आणि आजच्या नावाने अनॉक्सिप्रिस्टिस कस्पिडाटा. दुसरा रिंकोबॅटस, पुढून अणकुचीदार नाकाडाचा पाकट आणि मागून मुशी वाटावा असा मोठा मासा. निबंधाने काय सिद्ध केले यापेक्षा तो मुंबईत बसून लिहिता आला, हीच गोष्ट आज जास्त बोलते. गर्भाची वाढ टप्प्याटप्प्याने मांडायची तर गाभण माद्या लागतात, वेगवेगळ्या दिवसांच्या लागतात आणि धक्क्यावर ताज्या मिळाव्या लागतात. म्हणजे पाऊणशे वर्षांपूर्वी करवतमासा मुंबईच्या कोळ्यांना निदान अपूर्वाईचा नव्हता. आज अंधेरीत, वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे मुंबई केंद्रही तिथेच आहे, आणि दोन्हींपासून वर्सोवा कोळीवाडा फार लांब नाही. माशांची एवढी विद्या मुंबईच्या दुसऱ्या कुठल्या उपनगरात एकवटलेली नसेल. पण तिथे शिकून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याने करवतमासा पाहिलेला असतो तो बहुधा फॉर्मलिनच्या बरणीत, नाहीतर भिंतीवर टांगलेल्या करवतीच्या रूपात.

या पुस्तकाचा विषय करवतमाशापेक्षा मोठा आहे. लांब तोंडाचे सगळेच मासे त्यात येतात: चोचीचे, करवतीचे, तलवारीचे, नळीचे. असे मासे दिसले की आपण त्यांना नवलाईच्या कप्प्यात टाकतो. मुलांच्या पुस्तकात त्यांचे चित्र येते, मत्स्यालयात त्यांच्या काचेपुढे गर्दी होते, आणि विचार तिथेच थांबतो. माझे म्हणणे असे की लांब तोंड हे आधी चाचपण्याचे साधन आहे, मारण्याचे नंतर, आणि मिरवण्याचे कधीच नाही. डोळ्यांचा उपयोग नसलेल्या पाण्यात, चिखलाच्या तळाशी, रात्रीच्या अंधारात, भक्ष्य कुठे आहे हे तोंडाच्या पुढच्या टोकाने आधी कळावे यासाठी ते वाढलेले आहे. हे मान्य केले की दुसरी गोष्ट आपोआप पुढे येते. असे साधन उपयोगी पडते ते किनाऱ्यालगतच्या उथळ, गढूळ पाण्यात, खाड्यांत आणि नदीमुखांत. आणि माणसाची जाळी सर्वांत दाट लागतात तीही तिथेच. शरीराचा जो भाग शरीराच्या पुढे जातो, तोच जाळ्यात पहिल्यांदा अडकतो. लांब तोंडाच्या माशांचे शास्त्र आणि त्यांची शोकांतिका या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, एकाच अवयवाच्या दोन बाजू आहेत, हे या पुस्तकामागचे सूत्र.

यावर पहिला आक्षेप प्राणिशास्त्राचा विद्यार्थीच घेईल. ‘लांब तोंडाचे मासे’ असा गट निसर्गात नाहीच, मग त्यावर पुस्तक कसले? आक्षेप खरा आहे. करवतमासा हा पाकटांचा नातलग, त्याच्या अंगात हाड नाही, आणि त्याची करवत म्हणजे कवटीच्या कूर्चेचाच पुढे आलेला चपटा पट्टा. तलवारमाशाची तलवार वरच्या जबड्याच्या हाडांची. टोळाचे दोन्ही जबडे सारखे लांबलेले, तर अर्धचोच्या माशाचा फक्त खालचा. वरचा जबडा आखूड, जणू अर्धे काम करून सोडून दिले आहे. नळीमासा आणि समुद्रघोडा यांच्या डोळ्यांपासून तोंडापर्यंतचा भागच नळीसारखा ताणला गेलाय आणि तोंड त्या नळीच्या टोकाला, इवलेसे. अमेरिकेतल्या नद्यांत गार आहेत आणि वल्ह्यासारख्या नाकाडाचा पॅडलफिश आहे, आफ्रिकेतल्या नद्यांत हनुवटीला सोंड फुटलेला एलिफंटनोज आहे. यांचे पूर्वज वेगळे, हाडे वेगळी, काळही वेगळे. पण म्हणूनच हा विषय पुस्तकाच्या लायकीचा ठरतो. एकाच घराण्यातल्या दहा जणांचे नाक लांब असले तर तो वारसा म्हणून सोडून देता येईल. एकमेकांशी नातेच नसलेल्या एवढ्या कुळांनी वेगवेगळ्या हाडामांसातून तोच आकार घडवला असेल, तर त्यामागे पाण्याचाच काही आग्रह असला पाहिजे. तो कोणता हे विचारायचे, तर या सगळ्यांना एका रांगेत उभे करावेच लागते.

मुंबईच्या उपनगरांतून ही रांग बरीचशी पाहता येते, हे फारसे कुणाच्या ध्यानात नसते. पश्चिमेला वर्सोवा, मढ, मार्वे, मनोरी, गोराई. पूर्वेला मुलुंड-भांडुपपासून ट्रॉम्बे-माहुलपर्यंत ठाण्याची खाडी. दोन्हीकडचे पाणी चहाच्या रंगाचे. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या आसपास जातो, पाणी तळाचा गाळ उचलून वर आणते, आणि भांगाच्या दिवसांतही ते पुरते निवळत नाही. या पाण्यात टोळ आहे. लांब, हिरवट-रुपेरी, पृष्ठभागालगत पोहणारा हा मासा जवळून पाहावा: दोन्ही जबडे सुईसारखे, त्यांत बारीक टोकदार दातांच्या ओळी, आणि चोच पुरती मिटली तरी दात थोडे बाहेर दिसतात. शिजवून काटे काढायला घ्यावेत तर ते हिरवे निघतात, शेवाळी हिरवे. पहिल्यांदा खाणारा दचकतो आणि मासा नासका तर नाही ना म्हणून ताट सरकवतो. तो रंग बिलिव्हर्डिन या पित्तरंजकाचा, निरुपद्रवी. टोळ बाजारात मानाचा मासा कधीच नव्हता. पापलेट-सुरमईच्या पाटीजवळ त्याला जागा नाही. पण खाडीकाठच्या घरांत तो नित्याचा आहे. त्याचा चुलतभाऊ अर्धचोच्या तर नदीमुखात आत शिरतो, तिथेच वाढतो. ट्रॉलरच्या जाळ्यात समुद्रघोडे येतात, नळीमासे येतात, आणि बासरीसारख्या लांब तोंडाची फिस्ट्युलॅरियाही येते. ती विकली जात नाही, तेव्हा तिच्याकडे कुणी बघत नाही. सह्याद्रीपलीकडे गोड्या पाण्यातही एक टोळ आहे, झेनेंटोडॉन कॅन्सिला. १८३०च्या दशकात दख्खनच्या माशांची यादी करणाऱ्या कर्नल साइक्सला तो भेटला आणि त्याने त्याला नवी जात समजून नवे नाव दिले. खरे तर हॅमिल्टनने गंगेच्या खोऱ्यात त्याची नोंद १८२२ सालीच केली होती.

नावे देण्याचा हा काळ म्हणजे या विषयाची पहिली शाळा. तिच्या आधी आपल्याकडे माशांविषयी लिहिले गेले नव्हते असे नाही. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात गळाने मासे पकडण्यावर एक प्रकरण आहे, त्यात पस्तीसेक प्रकारचे मासे येतात. खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, समुद्रातले आणि नदीतले, कुणाला कोणते आमिष लावावे यासकट. ती मांडणी मासेमाराच्या गरजेची आहे, आणि तिच्यात एक शहाणपण आहे ज्याकडे मला पुढे यायचे आहे. युरोपीय शाळा संग्रहाची होती. लिनियसने १७५८ मध्ये करवतमाशाला नाव दिले, १७९४ मध्ये जॉन लॅथम याने करवतमाशांवर एक स्वतंत्र निबंध लिहून त्यांच्या जाती वेगळ्या केल्या, आणि आपल्या किनाऱ्यावरच्या अरुंद करवतीच्या जातीचे ‘कस्पिडेटस’ हे नाव त्याचेच. फ्रान्सिस डे याचा ‘द फिशेस ऑफ इंडिया’ १८७५ ते १८७८ या काळात निघाला आणि पुढची कित्येक वर्षे तोच शेवटचा शब्द राहिला. या शाळेने जाती ओळखायला शिकवले, तिचे ऋण मोठे. तिची खोड अशी की तोंड हे तिने फक्त ओळखीची खूण म्हणून पाहिले: दातांच्या जोड्या किती, चोच डोक्याच्या किती पट. दातांचे मोजमाप करताना ते दात कशासाठी आहेत हे विचारायचे राहूनच गेले.

तो प्रश्न दुसऱ्या शाळेने हाती घेतला, आणि विषय खऱ्या अर्थाने रंगतो तो तिथून. शतकानुशतके लोकांनी लांब तोंडाला शस्त्र मानले. करवत आहे, तेव्हा ती कापत असेल. तलवार आहे, तेव्हा ती भोसकत असेल. पॅडलफिशचे नाकाड फावड्यासारखे, तेव्हा तो चिखल खणत असेल. आपल्या हत्यारांची नावे दिली की त्यांची कामेही आपणच वाटून देतो. १६७८ साली इटलीत स्टेफानो लोरेंझिनी याने मुशी-पाकटांच्या नाकाडावरची बारीक छिद्रे आणि त्यांच्या आतल्या चिकट द्रवाने भरलेल्या नळ्या वर्णन केल्या. त्या कशासाठी, हे कळायला जवळजवळ तीनशे वर्षे गेली. १९७१ मध्ये एड्रियनस काल्मिन याने दाखवून दिले की मुशी आणि पाकट वाळूत पुरलेले, दिसत नसलेले, वासही न येणारे भक्ष्य त्याच्या शरीरातून निघणाऱ्या क्षीण विद्युतक्षेत्रावरून शोधून काढतात. त्यानंतर लांब नाकाडांकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. पॅडलफिशच्या वल्ह्यावर हजारो विद्युतसंवेदी छिद्रे निघाली; तो चिखल खणत नव्हता, गढूळ नदीत प्लवंगांतले बारीक जीव टिपत होता. करवतमाशाच्या करवतीवरही, वर आणि खाली, अशीच छिद्रे दाटीने आहेत. २०१२ साली बार्बरा व्युरिंगर आणि तिच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियात लहान करवतमाशांना खाताना चित्रित केले. मासा पाण्यात तरंगत असेल तर करवत आडवी झपाट्याने फिरते आणि त्याला जखमी करते. तो तळाला पडला असेल तर करवतीने दाबून धरला जातो. आणि भक्ष्याच्या जागी नुसते क्षीण विद्युतक्षेत्र ठेवले तरी करवत त्यावर चाल करून जाते. शोधणे आणि मारणे एकाच अवयवाचे काम. अंधाऱ्या घरात माणूस पुढे हात करून चाचपत जातो आणि दाराची कडी सापडली की त्याच हाताने ती उघडतो, इतके ते साधे आहे.

कूर्चेच्या माशांपुरतेच हे खरे असेल, असे कुणी म्हणेल. टोळ-अर्धचोच्यांत विद्युतसंवेदना नाही. पण त्यांची गोष्टही याच दिशेने जाते. न्यूझीलंडच्या अर्धचोच्यावर १९८५ मध्ये झालेल्या अभ्यासात असे दिसले की त्याच्या लांब खालच्या जबड्यावर पाण्याची थरथर जाणवणारी नलिका पसरलेली आहे आणि रात्रीच्या अंधारात प्लवंग शोधायला ती उपयोगी पडते. म्हणजे वरच्या जबड्यापुढे एकटीच जाणारी ती विचित्र खालची चोच हा अर्धवट राहिलेला प्रयत्न नाही; ते पाण्यात पुढे धरलेले कान आहेत, असे म्हटले तर फार चुकणार नाही. समुद्रघोड्याच्या नळीचे काम थोडे वेगळे. तो इतक्या हळू जवळ येतो आणि त्याच्या डोक्याचा आकार असा आहे की तोंडापुढचे पाणी जवळजवळ हलतच नाही. भक्ष्याला चाहूल लागत नाही, आणि मग डोके क्षणार्धात वर उडते. इथे लांब तोंड ऐकत नाही, स्वतःचा आवाज लपवते.

सर्वांत अवघड प्रश्न तलवारमाशांचा आणि शिडाच्या माशांचा. ते स्वच्छ, खोल, निळ्या समुद्रातले, डोळस आणि वेगवान. त्यांची तलवार चाचपण्याची कशी? इथे माझे सूत्र ताणू नये असे मला वाटते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी मेक्सिकोजवळच्या समुद्रात शिडाचे मासे तारल्यांच्या थव्यावर शिकार करताना चित्रित झाले. ते भोसकत नाहीत. ते तलवार हळूच थव्यात सारतात, इतकी हळू की तारल्या पळतही नाहीत, आणि मग एक जोरदार आडवा झटका देतात किंवा एकाच माशाला नुसता हलका टोला मारतात. हत्यार आहे, यात शंका नाही. पण त्याची मातब्बरी आघातापेक्षा त्याच्या गुपचूप आत शिरण्यात आहे. शिडाचा मासा ताशी ११० किलोमीटर पोहतो हा आकडा पुस्तकांतून अजून फिरतो, आणि वेगासाठीच ही तलवार असे त्याच्या आधारे सांगितले जाते. प्रत्यक्ष मोजलेले वेग याच्या निम्म्यापर्यंतही पोचत नाहीत. शिवाय तलवार मोडलेले पण धडधाकट मासे अधूनमधून सापडतात, तेव्हा तिच्याशिवाय जगता येतच नाही असेही नाही. तलवारमासे हे या पुस्तकातले अपवाद म्हणून वाचावेत. सगळ्यांना एकाच दोरीत ओवण्यापेक्षा दोन-तीन मणी वेगळे ठेवणे बरे.

तिसरी शाळा वाढीची आणि उत्क्रांतीची. टोळाचे पिल्लू जन्मतः लांब चोचीचे नसते. आधी त्याचा खालचा जबडा वाढतो, काही काळ ते हुबेहूब अर्धचोच्या दिसते, आणि मग वरचा जबडा त्याला गाठतो. एकोणिसाव्या शतकातली माणसे याला लगेच पूर्वजांची उजळणी म्हणाली असती. विसाव्या शतकात ती कल्पना मोडीत निघाली आणि अर्धचोच्या हा वाढ अर्ध्यावर थांबलेला टोळच, असेही मानले गेले. २००० साली नॅथन लव्हजॉय याने नातेसंबंधांचा वृक्ष नव्याने मांडला तेव्हा टोळांचे पूर्वज अर्धचोच्यांसारखेच असावेत असे दिसून आले. जुनी कल्पना सरसकट खरी नव्हती, पण या एका घरात ती बरोबर निघाली. करवतींची गोष्ट आणखी मजेची. करवतमासा पाकटांत मोडतो, त्याची कल्ल्यांची छिद्रे पोटाच्या बाजूला. करवत असलेली मुशी वेगळी. तिची छिद्रे अंगाच्या बाजूला आणि करवतीच्या मध्यावर दोन मिशा. डायनोसॉरांच्या काळी करवत असलेले तिसरेच एक कुळ होते, ते नाहीसे झाले. एकाच अवयवाचा तीनदा स्वतंत्र शोध लागला. आणि त्या अवयवाचे दात हे दात नाहीतच. अंगावरच्या खवल्यांचेच ते वाढलेले रूप. गर्भात करवत मऊ असते आणि दातांवर आवरण असते, नाहीतर आईचे हाल झाले असते. सेटना-सारंगधरांना गर्भात रस का वाटला असेल हे इथे कळते.

चौथी शाळा मासेमारीच्या अभ्यासकांची आणि संवर्धनाची, आणि मुंबईच्या वाचकाला तिच्याशी सर्वांत जास्त देणेघेणे आहे. वर्सोवा, मढ, गोराईचे जुने मासेमार डोलजाळे लावतात: भरती-ओहोटीच्या प्रवाहात रोवलेली पिशवीसारखी जाळी, जिच्यात बोंबील, करंदी, जवळा येतो. पन्नास-साठच्या दशकांत होड्यांना इंजिने आली, कापसाच्या आणि तागाच्या दोऱ्याची जागा नायलॉनने घेतली, मग ट्रॉलर आले. नायलॉन पाण्यात दिसत नाही, कुजत नाही आणि तुटत नाही. करवतीच्या दोन्ही बाजूंना दात असलेल्या माशाला याहून वाईट वस्तू कल्पता येणार नाही. तो जाळ्याला नुसता लागला तरी अडकतो, सुटायला डोके हलवले की अधिक गुरफटतो, आणि खाडीमुखाशी जन्मलेल्या पिल्लालाही जन्मापासून करवत असते. त्यात या माशांना पिल्ले थोडी आणि मोठ्या जातींत वयात यायला कित्येक वर्षे. शस्त्र म्हणून करवत कितीही चांगली असो, जाळ्यापुढे ती हँडल ठरते. भारतात नोंदलेल्या तिन्ही करवतमाशांना २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतले गेले; त्याच वर्षी समुद्रघोडे आणि नळीमासेही. २००७ मध्ये करवतमाशांचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळजवळ बंद झाला. कायदा आला तेव्हा मासा जवळजवळ गेलेला होता.

नावांचे काम किती महत्त्वाचे, हे २००१ च्या त्याच यादीतून दिसते. यादीत घेतलेला गिटारमाशाच्या गोतातला मासा होता रिंकोबॅटस जिडेन्सिस, सेटना-सारंगधरांच्या निबंधातलेच नाव. पुढे वर्गीकरण सुधारले तेव्हा लक्षात आले की खरा जिडेन्सिस पश्चिम हिंदी महासागरात, तांबड्या समुद्रापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत राहतो आणि आपल्या धक्क्यांवर येणारे मासे त्याच गोतातल्या दुसऱ्या जातींचे आहेत. संरक्षण एका नावाला मिळाले आणि मासा दुसरा होता. पहिल्या शाळेला रुक्ष म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१९ मध्ये या सगळ्या कुळावर नियंत्रण आले आणि २०२२ च्या दुरुस्तीने आपल्या कायद्याच्या याद्याही रुंदावल्या. गिटारमासे आज करवतमाशांच्याच वाटेने चालले आहेत, आणि त्यांच्या बाबतीत अजून उशीर झालेला नाही, म्हणून हा विषय आत्ता लिहिण्याचा.

इथे कोळीवाड्यातून येणारा आक्षेप टाळता येणार नाही. समुद्र संपवला तो मोठ्या बोटींनी, खाडी नासवली ती शहराच्या सांडपाण्याने आणि भरावाने. कायद्याचा बडगा मात्र जाळ्यात चुकून आलेला मासा धक्क्यावर आणणाऱ्यावर. या म्हणण्यात तथ्य आहे. दहिसर नदी तुळशी तलावातून निघते, राष्ट्रीय उद्यानातून बोरिवलीत उतरते आणि मनोरीच्या खाडीला मिळेपर्यंत तिचा नाला झालेला असतो. मिठी नदीचे तर सांगायलाच नको. खाडीतला नुसता गढूळपणा हा या माशांचा शत्रू नाही, ते गढूळ पाण्यासाठीच घडले आहेत. प्राणवायू नसलेल्या पाण्याचा मात्र कुठल्याच तोंडाला उपयोग नाही. तेव्हा मासेमाराला एकट्याला आरोपी करणारे संवर्धन अन्याय्य आहे आणि निरुपयोगीही, कारण मासा दिसला तरी तो कळवणार नाही. महाराष्ट्रात २०१८ च्या डिसेंबरपासून एक वेगळा प्रयत्न चालू आहे: संरक्षित प्राणी जाळ्यात आला आणि जाळे कापून तो जिवंत सोडला, तर कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग जाळ्याची भरपाई २५ हजार रुपयांपर्यंत देतात. त्याचा लाभ मुख्यतः कासवांना आणि देवमुशीला झाला. करवतमाशासाठी जाळे कापणे जास्त अवघड आणि जास्त धोक्याचे. पण वाट हीच आहे. ठाण्याच्या खाडीचा मोठा भाग २०१५ पासून रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आणि २०२२ पासून रामसर क्षेत्र आहे. पक्ष्यांसाठी राखलेल्या त्या चिखलात टोळ आणि अर्धचोच्यांचाही सांभाळ होतो, जरी त्यांच्यासाठी सहल काढून मुलुंड-भांडुपला कुणी जात नाही.

उलट दिशेचा धोकाही उपनगरातच आहे. कुर्ल्याच्या शोभिवंत माशांच्या बाजारात परदेशी लांब तोंडाचे मासे मिळतात. बोटभर ॲलिगेटर गार घरी आणला जातो, तो टाकीत मावेनासा होतो आणि मग कुणीतरी ‘पुण्य’ म्हणून त्याला तळ्यात सोडतो. २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात तो सापडला तेव्हा बरीच चर्चा झाली. लांब तोंडाचा आपला मासा नाहीसा होत असताना परक्याची भर पडणे हा काही योगायोगाचा विनोद नाही. दोन्हींच्या मुळाशी मासा म्हणजे नवलाची वस्तू ही एकच समजूत आहे.

या पुस्तकाने काय करायचे ठरवले ते आता सांगता येईल. जगातल्या सगळ्या लांब तोंडाच्या माशांचा कोश करण्याचा त्याचा इरादा नाही. त्यातले लेख कुळांनुसार लावलेले नाहीत, पाण्यानुसार लावले आहेत: नदी, खाडी, उथळ समुद्र, खोल समुद्र. ‘मानसोल्लास’मधले शहाणपण म्हटले ते हेच. मासा कोणत्या पाण्यात, काय खातो, आणि त्याला कोण कसे पकडते हे एकत्र पाहिल्याशिवाय त्याचे तोंड कळत नाही. शास्त्रीय नावे देवनागरीत दिली आहेत, आणि कोळीवाड्यातली नावे खात्रीची असतील तिथेच. गाव बदलले की नावे बदलतात, आणि एकाच नावाखाली दोन जाती विकल्या जातात, म्हणून जिथे शंका होती तिथे माशाचे वर्णन करून सोडून दिले आहे. मासे खाण्यावर पुस्तकात उपदेश नाही. कोणता मासा टाळावा हे सांगितले आहे, आणि टोळ खायला हरकत नाही हेही.

शेवटच्या भागात एक काम वाचकावर सोपवले आहे. किनाऱ्यावरच्या जुन्या घरांत, संस्थांच्या कपाटांत करवतमाशाच्या वाळलेल्या करवती अजून असतील. त्यांची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे, आणि ती कुणी करावी असे सुचवायचेही नाही. पण करवत बोलते. दातांच्या जोड्या मोजल्या तर जात कळते: अरुंद करवतीच्या जातीत मुळाकडचा भाग बिनदातांचा आणि दात चपटे, त्रिकोणी, मोठ्या दातांच्या जातीत चौदा ते तेवीस जोड्या, जवळजवळ मुळापासून. करवतीची लांबी घेतली तर माशाची लांबी अंदाजता येते, कारण करवत पूर्ण लांबीच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याएवढी असते. वाळलेल्या कूर्चेतून डीएनएही मिळतो. पट्टी शेजारी ठेवून वरून आणि खालून काढलेली दोन छायाचित्रे, मासा कुठल्या बंदरात आणि साधारण कुठल्या साली आला ही माहिती, आणि ती वर्सोव्याच्या संशोधन केंद्रापर्यंत पोचवण्याची तयारी, एवढे पुरे. छायाचित्र कसे काढावे, कोणता दात पहिला धरावा आणि मोडलेल्या दाताची खोबण कशी मोजावी, याचा तपशील तिथे आकृत्यांसह दिला आहे.